जकात नाक्याअलीकडच्या करंज्या

आमच्या आबांनी धुळे शहराचं पाणी सोडलं होतं.

भांडणतंटा काही नव्हता. उलट धुळ्याबद्दल त्यांचं मत फार चांगलं होतं, म्हणून तर त्यांनी आपली एकुलती एक लेक, माझी धाकटी बहीण कुसुम, तिथं दिली. पण लेक दिली आणि पाणी संपलं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी बापानं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. इतरांच्या घरी ही रीत लेकीच्या उंबरठ्याशी थांबे. आबांचा कारभार घाऊक. त्यांनी आधी लेकीचं घर सोडलं, मग तिची गल्ली सोडली आणि शेवटी कुठं थांबायचं हे न कळल्यामुळे अख्खं धुळं सोडून दिलं. आमच्या पणजोबांनी अमळनेरला मुलगी दिली तेव्हा बोरी नदीच सोडली होती, असं ते अभिमानानं सांगत. (नदीला काही फरक पडल्याचं ऐकिवात नाही.)

ही गोष्ट मोठ्या दुष्काळाच्या आधीची. तेव्हा आम्ही जळगावात मेहरूणला राहत होतो. आबा एका जिनिंगमध्ये मुकादम होते. डोळे मिटून नुसत्या बोटांनी कापसाची प्रत सांगायचे, आणि व्यापारी ती मुकाट्यानं मान्य करायचे. मी तालुका कचेरीत कारकून होतो. मी सांगितलेलं कुणीच मान्य करत नसे.

कुसुमच्या लग्नाला दोन वर्षं होत आली तरी पाळणा हलेना. आबा तिला भेटायला जायचे ते असे, की सकाळच्या एस.टी.नं निघायचं, व्याह्यांच्या ओट्यावर टेकायचं, कापसाच्या भावाबद्दल बोलायचं आणि घसा कोरडा पडला की उठायचं. मी सोबत असलो तर माझेही हाल. वडील समोर आवंढा गिळत बसलेत आणि मुलगा आत जाऊन पुरणाचे मांडे हाणतोय, हे बरं दिसत नाही. म्हणून मीही उपाशी.

वैशाखात मात्र कडेलोट झाला. आबा ओट्यावर बसले होते. विहीणबाईंनी वाळा घातलेलं गार पाणी चांदीच्या पेल्यातून पुढ्यात ठेवलं होतं. आबा त्या पेल्याकडे न बघता बोलत होते आणि बोलता बोलता उठायला गेले ते भोवळ येऊन खाली. मी त्यांना झेलायला धावलो, त्यामुळे एकाच्या जागी दोघे पडलो.

कुसुमचे सासरे म्हणजे नाना मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले, आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटायची. त्यांनी आबांना पंख्यानं वारा घातला, आबा शुद्धीवर आले, आणि मग नाना शांतपणे म्हणाले, "आबा, तुमची रीत तुमच्यापाशी. आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे, गल्ली त्यावर जगते, तुम्हाला चालत नसेल तर माझा आग्रह नाही. पण तुम्हाला असं बघून सून चार-चार दिवस अन्नाला शिवत नाही. पुन्हा उपाशीतापाशी माझ्या दारात आलात, तर तिला तुमच्याबरोबर जळगावला धाडून देईन. मग बसा दोघं उपाशी."

दाराआड कुसुम उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता.

पुढं चार-पाच महिने ते धुळ्याला गेलेच नाहीत. दसरा झाला आणि त्यांचा धीर सुटला. लेकीला बघायचं होतं, रीत मोडायची नव्हती आणि नानांच्या दारात उपाशी जायचं नव्हतं. या तिढ्यातून वाट काढायची जबाबदारी आईनं माझ्यावर टाकली. (माझ्याखेरीज घरात कुणी रिकामं नव्हतं.) तिनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी दिली, फिरकीच्या झाकणाचा पितळी तांब्या जळगावच्या पाण्यानं भरून दिला आणि मला बाजूला घेऊन बजावलं, "दिनू, ह्यांच्या पोटात अन्नपाणी गेल्याशिवाय धुळ्याचा जकात नाका ओलांडायचा नाही. आणि धुळ्याचा थेंब ओठाला लागू द्यायचा नाही. एवढं तरी जमेल ना?"

मी म्हटलं, त्यात काय आहे.

गाडीत माझ्या शेजारी एक गृहस्थ शेळी घेऊन बसले होते. शेळी शांत होती, डोळे मिटून होती, तिला पाहून मलाही पेंग आली. जाग आली तेव्हा मांडीवर दशम्यांचं फडकं नव्हतं. ते शेळीच्या तोंडात होतं आणि त्यातलं जे होतं ते तिच्या पोटात गेलं होतं. चटणीसकट! मी त्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी शेळीच्या पाठीवरून हात फिरवत, तिचं पोट बिघडलं तर जबाबदार कोण, असं मलाच विचारलं.

आबा म्हणाले, असू दे, पाणी आहे ना.

पाणी होतं. पण पारोळ्याच्या अलीकडे गाडीच्या तोंडातून वाफ निघाली आणि गाडी उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरला, वर आला आणि कुणाकडे पाणी आहे का म्हणून विचारू लागला. आजूबाजूला कपाशीची शेतं, विहीर नजरेच्या टप्प्यात नाही. सगळे प्रवासी आपापल्या बाटल्या मांडीखाली सरकवून बाहेरचं निसर्गसौंदर्य पाहायला लागले. अशा वेळी माझ्यातला नागरिक जागा होतो. (एरवी तो झोपलेला असतो, शेळी शेजारी असली तरी.) मी ताडकन उठलो आणि तांब्या पुढं केला. ड्रायव्हरनं एका दमात तो रेडिएटरमध्ये रिकामा केला, मला रिकामा तांब्या परत दिला आणि भला माणूस आहेस म्हणाला. मी वळून आबांकडे पाहिलं. आबा मला भला म्हणाले नाहीत.

एवढ्यानं उशीर झालेला, म्हणून कंडक्टरनं पारोळ्याला माणसं चढ-उतार होताच घंटी मारली. आबांचे ओठ पांढरे पडत चालले. आश्विनातलं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि माझ्या डोळ्यांपुढं ते ओट्यावर आडवे पडलेले आणि कुसुम पेटी घेऊन दारात उभी, असं चित्र यायला लागलं. माझ्यासारखा मुलगा असण्यापेक्षा आबांनी एक शेळी पाळली असती तर बरं झालं असतं, असं मला मनापासून वाटलं.

आणि मग जकात नाक्याचा दांडा दिसला, ट्रकांची रांग दिसली, आणि रांगेच्या कडेला ती टपरी दिसली. आमच्या कचेरीतले लोक धुळ्याच्या दौऱ्यावरून आले की तिच्याबद्दलच बोलायचे. मी दोरी ओढून गाडी थांबवली आणि आबांना नाक्याच्या अलीकडेच उतरवून घेतलं.

"इथं धुळं लागत नाही आबा," मी म्हटलं. "धुळं दांड्याच्या पलीकडं."

आबांनी दांड्याकडे पाहिलं, उभ्या ट्रकांकडे पाहिलं. जिनिंगमधला माणूस, त्यामुळे जकातीचं शास्त्र त्यांना पाठ होतं. जिथं जकात लागत नाही तिथं गाव नाही, असा निर्णय त्यांनी दिला.

टपरी म्हणजे चार पत्रे आणि दोन बाकडी. वर पाटी होती आणि पाटीवर माणसाच्या दोन्ही जबड्यांचं मोठं रंगीत चित्र. याचं कारण असं, की मागच्या खोलीत एक चिनी डॉक्टर कवळ्या बनवायचे. ते फार वर्षांपूर्वी कलकत्त्याहून आले होते. बासष्टच्या लढाईनंतर काही दिवस लोक त्यांच्या दारावरून मान फिरवून गेले म्हणतात, पण दाढ ठणकायला लागली की देशाची सीमा आठवत नाही, त्यामुळे परत आले. पुढच्या भागात त्यांची बायको वाफेच्या करंज्या विकायची. डॉक्टर मागं दात बसवायचे आणि पुढं बाई ते कामाला लावायच्या. बाईंना सगळे अक्का म्हणत. फुलाफुलांचा सदरा, पायजमा, पांढऱ्या केसांची गाठ, आणि बोलणं अस्सल अहिराणी. ट्रकवाल्यांकडून शिकल्या होत्या की भाजीवालीकडून, कोण जाणे.

तिथं काय हवं असं कुणी विचारत नसे. बाकड्यावर बसलं की जर्मनच्या ताटलीत करंज्या येत, शेजारी लसूण-मिरचीचं आंबट पाणी येई, आणि खाऊन झालं की लोकांनी उठायचं, कारण मागं दुसरे उभे असत. (शनिवार होता. शनिवारी तिथं मटण नसे, पत्ताकोबी आणि कांदापातीखेरीज काही शिजत नसे, हे मला कचेरीत कळलं होतं. एवढी अक्कल माझ्यापाशी होती. ती तिथंच संपली.)

आबांनी बसण्याआधी खात्री करून घेतली. हे धुळं का, म्हणून त्यांनी अक्कांना विचारलं.

"नाका तठे शे भाऊ," अक्का उलथन्यानं दाखवत म्हणाल्या. "आठे धुयं नई."

आबा बसले. ताटली आली. पांढऱ्या, मऊ, ओलसर करंज्या पाहून ते क्षणभर विचारात पडले आणि मग खानदेशी माणूस बट्टीचं करतो तेच त्यांनी केलं. पहिली करंजी हातात घेऊन चुरली, ताटलीत मध्ये आळं केलं आणि वरणाची वाट पाहत बसले. शेजारचा ट्रकवाला खायचा थांबून पाहायला लागला. मला जमीन दुभंगावी असं झालं. पण अक्कांना आमची माणसं नवी नव्हती. त्यांनी मोठ्या पातेल्यातलं कढत सार वाटीभर आणून त्या आळ्यात ओतलं. आबांनी ते कालवलं, खाल्लं, उरलेलं सार वाटीनं तोंडाला लावलं आणि डोळे मिटले.

दुसरी करंजी त्यांनी अख्खी तोंडात टाकली. तिच्यातला गरम रस ट्रकवाल्याच्या सदऱ्यावर उडाला. तो हसला. आबाही हसले. वैशाखापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं! ताटली संपली, दुसरी आली, पुन्हा सार आलं. गालांवर रंग चढला, आवाज मोठा झाला. आबा त्या ट्रकवाल्याला सांगू लागले की हा माझा मुलगा, याच्यामुळे माझी रीत राहिली, आता व्याह्यांच्या दारात ताठ मानेनं जाईन. माझी छाती फुगली. माझ्या आयुष्यात ती इतकी क्वचित फुगते, की मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

आबांनी तोंड पुसलं आणि केवळ कौतुक म्हणून अक्कांना विचारलं, "पाणी फार गोड आहे हो तुमच्याकडं. कुठलं आणता?"

"पानी? नाना मास्तरनी विहीरनं शे," अक्का म्हणाल्या. "आठे नळ कोठे शे भाऊ? बठ्ठं पानी त्यास्ना घरथीनच येस."

आबांच्या हातात वाटी होती. ती त्यांनी खाली ठेवली, जणू ती भाजत होती. माझ्याकडे पाहिलं. मी ट्रकवाल्याकडे पाहिलं. ट्रकवाल्यानं आपल्या सदऱ्याकडे पाहिलं.

कचेरीत राहून माणूस एक गोष्ट शिकतो. काम होवो न होवो, पळवाट सापडली पाहिजे. मी आबांना समजावू लागलो की वाफ म्हणजे पाणी नव्हे, पाणी जळालं की वाफ होते. सार हेही पाणी नव्हे, ते औषध, वैद्यानं दिलं तर आपण विचारतो का कुठल्या विहिरीचं? आणि सगळ्यात मुख्य म्हणजे हे विकतचं आहे. विकत घेतलेल्या वस्तूला लेकीचं म्हणता येत नाही. दाम मोजला की नातं संपलं.

विकतचं हा मुद्दा आबांना पटला. बाकीचे त्यांनी हातानंच उडवून लावले. ते हळूहळू सावरले आणि ताटलीत उरलेली शेवटची करंजी उचलली. तोंडाशी नेली आणि थांबले. मग ती बोटांत धरून फिरवायला लागले, जिनिंगमध्ये कापसाचा पेळू फिरवत तशी. अंगठा मुरडीवरून पुढं नेला, मागं आणला. मुरड म्हणजे करंजीची ती वळवलेली कड. सगळ्या जगाच्या बायका ती उजवीकडं घालतात.

"दिनू," आबा म्हणाले, "ही मुरड डावी आहे."

मला काहीच समजलं नाही. आबा म्हणाले, डावीकडं वळून शेवटी टोक आत दाबलंय. आणि मग मलाही समजलं. आमची कुसुम डावखुरी. लहानपणी दिवाळीत आई तिच्या करंज्या वेगळ्या ठेवायची, सरळ हातानं कर म्हणून तिला ओरडायची, आणि आबा नेमक्या त्याच उचलून खायचे. दोन वर्षं त्यांनी तिच्या हातचं काही खाल्लं नव्हतं. ती त्यांना बोटांनीच सापडली.

आबांचा चेहरा इतका पडला की मला बघवेना. नाना मास्तरांची सून नाक्यावरच्या टपरीत मजुरी करते? सासरी एवढी ओढाताण आहे आणि लेकीनं कळूही दिलं नाही? मीच त्यांना इथं आणलं होतं. ते आपले ओट्यावर भोवळ येऊन पडले असते तर निदान हे तरी दिसलं नसतं.

"ह्या कोण करतं?" आबांनी विचारलं.

अक्कांना आमच्या चेहऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्या खुशीनं सांगू लागल्या. उन्हाळ्यात त्यांचा हात भाजला होता. नाना मास्तरांच्या बायकोची कवळी डॉक्टरांनीच बनवलेली, तेव्हापासूनचा घरोबा. विहीणबाई म्हणाल्या, तू इकडे ये, माझ्या स्वयंपाकघरात बस, आमची सून करेल. आता हात बरा झाला तरी ही बैठक मोडता आली नव्हती. रोज सकाळी नानांच्या घरात पीठ भिजायचं, त्यांच्याच विळीवर कोबी चिरला जायचा, आणि अक्का, विहीणबाई अन् कुसुम अशा तिघी चुलीपाशी बसून गप्पा मारत मुरडी घालायच्या. मजुरी कसली, विहीणबाईंना म्हणे त्याशिवाय करमत नव्हतं.

म्हणजे कुसुम सुखात होती. तेवढ्यापुरता माझा जीव भांड्यात पडला. पण भांडं तळाशी फुटकं होतं. पाणी लेकीच्या विहिरीचं, पीठ लेकीच्या स्वयंपाकघरातलं, हात लेकीचा. आईनं सांगितलं होतं, धुळ्याचा थेंब ओठाला लागू देऊ नकोस. मी आबांना लेकीचं अख्खं स्वयंपाकघर दोन ताटल्या भरून खाऊ घातलं होतं आणि वर सार पाजलं होतं! यात धुळ्याबाहेरचा म्हणावा असा एक पत्र्याचा आडोसा तेवढा होता.

आता फक्त विकतचं एवढाच मुद्दा शिल्लक होता. मी झटकन खिशात हात घातला आणि पैसे अक्कांसमोर धरले. त्यांनी घेतलेही असते. पण मी घाबरलेला माणूस, आणि घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. मी म्हणालो, "घ्या अक्का, लवकर घ्या, हे कुसुमचे वडील आहेत, यांना फुकट चालत नाही."

अक्कांचा हात तिथंच थांबला.

"कुसुमना बाप?" त्या आबांकडे निरखून पाहत म्हणाल्या. मग त्यांनी माझी मूठ मिटवली आणि माझ्याच खिशाकडे ढकलली. "पोरना बापपाइन पैसा लिसू का मी? लोके काय म्हनतीन?"

मी विनवण्या केल्या. मी हात जोडले. मी म्हटलं, अक्का, दुप्पट घ्या. खानदेशात त्या दिवसापर्यंत कुणी गिऱ्हाइकानं पैसे घ्या म्हणून हॉटेलवाल्याच्या पाया पडायची तयारी दाखवली नसेल. मी पैसे बाकड्यावर ठेवून पळायचा विचार केला, पण आबांना सोडून पळता येईना. ट्रकवाला मध्ये पडला आणि म्हणाला, मी यांचे देतो. अक्कांनी त्यालाही झापलं. रांगेतली माणसं जवळ सरकली, त्यांत दोन तट पडले, आणि पाहुण्याकडून पैसे घ्यावेत की नाहीत याचा नाक्यावर जाहीर वाद सुरू झाला. नाकेदारसुद्धा दांडा सोडून ऐकायला आला. मागून डॉक्टर कवळीचा एक जबडा हातात घेऊन बाहेर आले, काय चाललंय ते पाहिलं आणि शहाण्या माणसासारखे परत आत गेले.

आणि त्या गर्दीतून वाट काढत, डोक्यावर ओल्या फडक्यानं झाकलेलं ताट घेऊन, कुसुम आली.

तिच्या मागं नाना मास्तर होते. शनिवारी दुपारी ते स्वतः इथं एक ताटली खायला येत, हे मला नंतर कळलं. कुसुमनं आबांना पाहिलं, त्यांच्या हातातली ती शेवटची करंजी पाहिली आणि ती पांढरी फटक पडली. चार-पाच महिन्यांत ती जरा भरली होती, चेहऱ्यावर तेज होतं, ते सगळं एका क्षणात उतरलं. आपण बापाची रीत मोडली, एवढंच तिला दिसत होतं. तिनं डोक्यावरचं ताट खाली घेतलं.

नाना पुढं आले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि वर्गात विचारावं तसं विचारलं.

"आबा, आज तरी जेवून आलात का?"

सुटायला वाव होता. आबा नुसतं हो म्हणाले असते तरी नानांची अट पाळली जात होती. मी मागून त्यांचा कोट ओढत होतो, हो म्हणा, हो म्हणा. आबांनी माझा हात झटकला. त्यांनी कुसुमकडे पाहिलं, मग करंजीकडे, मग ती तोंडात घातली, सावकाश चावून खाल्ली आणि गिळली.

"जेवलो, नाना," ते म्हणाले. "तुमच्याच घरी जेवलो."

आणि मग कुसुमला म्हणाले, "पोरी, पाणी दे."

तिनं ताट अक्कांच्या हातात दिलं आणि माठातून पेला भरून आणला. आबांनी तो वर धरून घटाघटा रिकामा केला, थोडं पाणी सदऱ्यावर सांडलं, आणि त्यांनी पेला पुन्हा पुढं केला. कुसुम रडत होती आणि हसत होती. नाना मास्तरांनी मात्र सगळ्या गर्दीसमोर फक्त, "गोड आहे की नाही?" एवढंच विचारलं.

आबा त्या दिवशी नाक्याचा दांडा ओलांडून गेले ते चार दिवस परत आले नाहीत. विहीणबाईंनी त्यांना वरण-बट्टी घातली, मांडे घातले, भरीत घातलं, दोन वर्षांची थकबाकी वसूल केली. मी संध्याकाळच्या गाडीनं रिकामा तांब्या घेऊन एकटाच जळगावला आलो. आई दारातच होती. थेंब लागू दिला नाहीस ना, म्हणाली. मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो.

पुढं कुसुमला मुलगी झाली. बारशाच्या पंगतीत आबा मिशांना तूप लावून सांगत होते, की माझ्या हातून ही रीत जन्मात मोडली नसती, ती मोडायला दिनूसारखा राखणदारच हवा होता. ते गंमत करत होते असं मी समजलो. पण घरानं ते मनावर घेतलं. तेव्हापासून आमच्याकडं एखादी गोष्ट अगदी नक्की घडावी असं सगळ्यांना वाटत असलं, की ती घडू नये याची जबाबदारी माझ्यावर सोपवतात.